अब्रू आणि आडोसा

आपल्या भाषेत अब्रूला शब्दांची वाण नाही. अब्रू आहे, इभ्रत आहे, पत आहे, लौकिक आहे. आणि हे सारे कमी पडले तर नाक आहेच, जे शेजारच्या बिऱ्हाडातल्या मुलाने पळून जाऊन लग्न केले तरी सबंध चाळीचे कापले जाते. पण कुणाच्या नजरेस न पडता, कुणाला जाब न देता, चार घटका आपल्यापाशी राहण्याची जी माणसाची गरज असते, तिला मात्र आपण धड नाव दिलेले नाही. वर्तमानपत्रे ‘गोपनीयता’ म्हणतात. पण त्या शब्दाला काहीतरी लपवल्याचा वास येतो. ‘खाजगीपणा’ म्हणावे, तर साधी चौकशी केली तरी फटकारणारा एखादा तिरसट माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. मला स्वतःला ‘आडोसा’ हा घरगुती शब्द बरा वाटतो. न्हाणीला दार नसले की पूर्वी फळी नाहीतर जुने लुगडे लावून आडोसा करीत. त्या आडोशामागे गुपित नसे. नुसते माणूस असे.

या अब्रूला आणि या आडोशाला निरनिराळ्या देशांचे कायदे कसे वागवतात, हे आज सांगायचे आहे. दिवाळी अंकात कायद्याचा विषय निघाला म्हणून वाचकांनी दचकू नये. नरकचतुर्दशीला पायाखाली कारीट फोडूनच फराळाला बसण्याची आपली रीत आहे. हे तेवढे कारीट समजावे. पाने उलटली की पुढे चकल्या-करंज्या आहेतच.

प्रारंभ अब्रूपासून करू, कारण तिच्या कायद्याशी मराठी माणसाची ओळख जुनी आहे. १८८२ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघून जेमतेम दीड वर्ष झाले होते. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत असल्याच्या वार्तांनी महाराष्ट्र अस्वस्थ होता, आणि या पत्रांनी संस्थानचे कारभारी बर्वे यांच्यावर कडक टीका केली. बर्व्यांनी बदनामीची फिर्याद लावली. ज्या पत्रांच्या भरवशावर मजकूर छापला होता ती बनावट निघाली, आणि टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. एकशे एक दिवसांनी ते सुटले, आणि त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकच लिहिले. संपादकांचा हेतू चांगला होता, लोक त्यांच्या बाजूचे होते. पण पुरावा खोटा ठरल्यावर या गोष्टींचा उपयोग झाला नाही.

सदतीस वर्षांनी, १९१९ साली, तेच टिळक लंडनच्या कोर्टात फिर्यादी म्हणून उभे राहिले. व्हॅलेंटाइन चिरोल याने १९१० सालच्या आपल्या पुस्तकात त्यांचा संबंध हिंसाचाराशी जोडला होता. ज्यूरीने कौल चिरोलच्या बाजूने दिला, आणि टिळकांना खटल्याच्या खर्चाचा मोठा बोजा सोसावा लागला. अब्रूच्या कायद्याची दोन्ही टोके एकाच माणसाने अनुभवली. दोन्ही वेळा वाद घोटाळत राहिला तो एकाच प्रश्नाभोवती: लिहिले ते खरे की खोटे?

इंग्रजी दिवाणी कायद्यात या प्रश्नाने सारे मिटते. लिहिलेले खरे ठरले की फिर्यादी हरला. आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेने एक पाऊल पुढे टाकले होते. बदनामीच्या फौजदारी खटल्यात नुसते ‘खरे होते’ म्हणून भागत नाही. ते सांगणे लोकांच्या हिताचे होते, हेही दाखवावे लागते. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्या ३५६ व्या कलमातही हा नियम तसाच आहे. म्हणजे शेजाऱ्याचे खरे लफडेसुद्धा निष्कारण वेशीवर टांगण्याची मुभा आपला फौजदारी कायदा देत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यातला हा शहाणपणा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

आता एक योगायोग पाहा. टिळक-आगरकर तुरुंगात गेले त्याच १८८२ साली सरकारने इझमेंट अ‍ॅक्ट केला. शेजाऱ्याच्या जागेतून जाणारी वाट, पाणी, उजेड यांवरच्या हक्कांचा हा कायदा. मुंबई इलाख्याला तो १८९१ साली लागू झाला. त्यात एक मासलेवाईक दाखला दिला आहे. एखाद्या गावाची रूढी अशी असेल की, शेजाऱ्याच्या घरात डोकावता येईल अशी नवी खिडकी कुणी पाडायची नाही. तर त्या गावात घर बांधणाऱ्याला शेजाऱ्याला अशी खिडकी पाडू न देण्याचा हक्क मिळतो.

हा खिडकीचा कायदा आणि बदनामीचा कायदा शेजारी शेजारी ठेवून पाहा. खिडकीतून शेजाऱ्याला जे दिसले ते खरे की खोटे, असे इथे कुणी विचारीत नाही. दिसले ते खरेच होते. तक्रार आहे ती त्याबद्दलच. माझ्या माजघरात काय चालते हे वाईट नाही, लाजिरवाणे नाही. पण ते पाहायचे की नाही हे तू ठरवायचे नाहीस, मी ठरवायचे. अब्रूचा कायदा विचारतो, ‘खरे का?’ आडोशाचा कायदा विचारतो, ‘विचारले होते का?’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत एवढे समजायला जगातल्या मोठमोठ्या न्यायालयांना शंभराहून अधिक वर्षे लागली.

मला हा भेद उमगला तो पुस्तकांमुळे नव्हे, आमच्या भाचीमुळे. तिचा बारावीचा निकाल लागला आणि पंधरा दिवसांच्या आत स्टेशनरोडवर एका क्लासच्या भल्या मोठ्या फलकावर तिचा फोटो झळकला. खाली नाव, टक्के आणि ‘आमची गुणवंत विद्यार्थिनी’. प्रत्यक्षात ती त्या क्लासात तीन रविवार सराव परीक्षेला गेली होती, तेवढेच. फोटो होता तो परीक्षेच्या फॉर्मवर चिकटवलेला. आमच्या ताईला संताप आला. आजीला मात्र फलकाखाली उभे राहून फोटो काढून घ्यायचा होता. भावोजी क्लासात गेले, तर तिथला माणूस मोठ्या आपुलकीने म्हणाला, “अहो साहेब, बदनामी थोडीच केली आहे? कौतुकच केलंय ना!” घरी यावर बराच खल झाला. सगळ्यांचे बोलून झाल्यावर भाची म्हणाली, “मामा, कौतुक असेल. पण मला विचारलं कुठे?”

रोज त्या रस्त्याने जाताना अनोळखी मुले तिला नावाने हाक मारू लागली होती, हे तिने आम्हाला नंतर सांगितले.

तिच्या या प्रश्नाने मला पुस्तके चाळायला लावली. मनाशी म्हटले, ही मुलगी आणि हा फलक निरनिराळ्या देशांच्या न्यायासनांपुढे नेऊन पाहू. कौतुकाविरुद्ध तक्रार घेऊन आलेल्या मुलीला कोण काय म्हणते?

पहिला मान इंग्लंडचा, कारण आपला कायदा तिथल्या मुशीतला. सिरिल टोली हा नामांकित गोल्फ खेळाडू होता. हौशी, म्हणजे खेळाचे पैसे न घेणारा. फ्राय कंपनीने आपल्या चॉकलेटच्या जाहिरातीत त्याचे चित्र काढले, खिशातून चॉकलेट डोकावतेसे दाखवले. त्याला विचारले नव्हते. पण ‘न विचारता माझा चेहरा वापरला’ एवढी तक्रार इंग्रजी कायद्याच्या कुठल्याच खणात बसत नव्हती. मग वकिलांनी युक्ती केली. लोकांना वाटेल की याने पैसे घेऊन जाहिरात केली, म्हणजे हौशी खेळाडू म्हणून याच्या नावाला बट्टा लागला. सबब ही बदनामी! १९३१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ते मान्य केले. आडोशाचे गाऱ्हाणे अब्रूचा सदरा चढवून कोर्टात आणावे लागले ते असे. आमच्या भाचीला तो सदराही झाला नसता. तिला हुशार म्हटल्याने तिच्या नावाला बट्टा लागला, असे कुठला वकील सांगणार?

ही उणीव किती खोल होती ते १९९० साली दिसले. गॉर्डन के हा दूरदर्शनवरचा लोकप्रिय विनोदी नट. जानेवारीच्या वादळात त्याच्या गाडीची काच फोडून फळी आत घुसली आणि डोक्याला जबर मार बसला. शस्त्रक्रियेनंतर तो इस्पितळात असताना एका पत्राचे बातमीदार आणि छायाचित्रकार दारावरची मनाईची पाटी डावलून खोलीत शिरले, फोटो काढले, ‘मुलाखत’ घेतली. थोड्याच वेळाने त्या माणसाला असे काही घडल्याचे आठवतही नव्हते. अपील कोर्टाच्या न्यायाधीशांना या प्रकाराची किळस आली, आणि तसे त्यांनी बोलूनही दाखवले. पण इंग्रजी कायद्यात खाजगीपणाचा हक्कच नाही, आम्ही काय करणार, असे म्हणून त्यांनी हात टेकले. नटाने आपणहून मुलाखत दिली असे भासवू नये, एवढीच काय ती मनाई मिळाली, कारण ते खोटे ठरले असते. पुन्हा तोच प्रश्न, खरे की खोटे! पुढे १९९८ साली मानवी हक्कांचा कायदा झाला, आणि २००४ साली नाओमी कॅम्पबेल या मॉडेलच्या खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा निसटत्या बहुमताने हाउस ऑफ लॉर्ड्सने खाजगी माहितीला संरक्षण दिले. तरी माझ्या चेहऱ्यावर माझा हक्क, असा स्वतंत्र कायदा इंग्लंडात आजही नाही.

अमेरिकेची कथा अधिक मनोरंजक आहे. १८९० च्या डिसेंबरात बॉस्टनच्या वॉरन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये एक निबंध लिहिला. नवे झटपट कॅमेरे आणि चहाटळ वृत्तपत्रे यांच्यापासून माणसाला वाचवायचे तर ‘मला माझ्यापाशी राहू द्या’ म्हणण्याचा हक्क कायद्याने मानला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन. निबंध गाजला, पण कोर्टे निबंधाने हलत नाहीत. न्यूयॉर्क राज्यातल्या एका तरुण मुलीचा फोटो एका पीठगिरणीने न विचारता आपल्या जाहिरातीवर छापला आणि पंचवीस हजार प्रती दुकानादुकानांतून लावल्या. मुलगी हाय खाऊन अंथरुणाला खिळली. १९०२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तिचा दावा फेटाळला. मुख्य न्यायाधीश पार्कर यांनी निकालात लिहिले त्याचा मथितार्थ असा की, चित्र चांगले आले आहे. दुसऱ्या एखादीने ही आपल्या रूपाची वाखाणणी मानली असती!

म्हणजे क्लासातला तो माणूस आणि न्यूयॉर्कचे मुख्य न्यायाधीश यांचे मत जुळले म्हणायचे. पण लोक खवळले, आणि पुढच्याच वर्षी, १९०३ साली, तिथल्या विधिमंडळाने कायदा केला: जाहिरातीसाठी किंवा धंद्यासाठी कुणाचे नाव वा चित्र वापरायचे तर लेखी परवानगी हवी. पुढची मौज अशी की, १९०४ साली हेच पार्कर राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. छायाचित्रकार त्यांच्यामागे हात धुऊन लागले, तेव्हा त्यांनी तक्रार केली. त्या मुलीने वर्तमानपत्रातून त्यांना त्यांच्याच निकालाची आठवण करून दिली!

या कायद्याने आमच्या भाचीचा दावा एका दिवसात निकाली निघाला असता. पण हे संरक्षण फक्त धंद्यापुरते आहे. बातमीचे नाव घेतले की अमेरिकेत आडोसा एकदम तोकडा पडतो. विल्यम सायडिस हा मुलगा अकराव्या वर्षी हार्वर्डमध्ये शिकत होता, आणि तिथल्या प्राध्यापकांपुढे त्याने चतुर्मिती भूमितीवर व्याख्यान दिले. देशभर त्याचा गवगवा झाला. मोठेपणी त्याने या कीर्तीचा धसका घेतला आणि साधी कारकुनी करीत एका खोलीत लपून राहू लागला. १९३७ साली ‘न्यूयॉर्कर’ने त्याला हुडकून काढले, आणि त्याची खोली, त्याचे हसणे, ट्रामची जुनी तिकिटे जमवण्याचा त्याचा छंद, सारे चवीने छापले. लेखातला मजकूर खरा आहे असे धरूनच त्याने खाजगीपणाचा दावा लावला. १९४० साली कोर्टाने लेख निर्दय असल्याचे कबूल केले. पण एकदा गाजलेल्या माणसाचे पुढे काय झाले हे जाणण्यात लोकांना रस असतो, म्हणून दावा फेटाळला. आपल्या मुलांचे टक्के चौकाचौकांत टांगणाऱ्या आपण आईबापांनी या सायडिसची गोष्ट मधूनमधून आठवावी.

आता फ्रान्स आणि जर्मनी. इथला मामला सुरुवातीपासून निराळा. राशेल ही फ्रेंच रंगभूमीची सम्राज्ञी १८५८ च्या जानेवारीत क्षयाने वारली. तिच्या बहिणीने घरच्यांपुरती आठवण म्हणून मृत्युशय्येवरचे फोटो काढवून घेतले, बाहेर द्यायचे नाहीत अशा सक्त अटीवर. तरी त्यांवरून काढलेले चित्र बाजारात विक्रीला आले. पॅरिसच्या कोर्टाने ते जप्त करविले. मरणारी व्यक्ती कितीही प्रसिद्ध असो, घरच्यांच्या परवानगीवाचून तिचा मृत्युशय्येवरचा चेहरा लोकांपुढे मांडण्याचा हक्क कुणालाही नाही, असे कोर्टाने म्हटले. त्यासाठी वेगळे कलम हाताशी नव्हते. ते कलम पुढे १९७० साली दिवाणी संहितेत आले, आणि ते म्हणते: प्रत्येकाच्या खाजगी जीवनाचा आदर राखला जाण्याचा त्याला हक्क आहे. अब्रूला धक्का बसला का, पैशाचे नुकसान झाले का, याची चौकशी नाही.

जर्मनीत हाच प्रसंग चाळीस वर्षांनी घडला. ३० जुलै १८९८ ला बिस्मार्क वारला. त्याच रात्री दोन छायाचित्रकार घरातल्या एका माणसाला फितवून आत शिरले, आणि मॅग्नेशियमचा उजेड पाडून मृतदेहाचा फोटो काढून पसार झाले. तो फोटो विकायला काढल्यावर मुलांनी दावा लावला. साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९९ साली काचा नष्ट करायला सांगितल्या खऱ्या. पण फोटो बेकायदा घरात घुसून काढला, या कारणासाठी. चेहऱ्याचा म्हणून कायदा तिथेही नव्हता. यातूनच १९०७ चा कायदा जन्मला, आणि तो आजही चालू आहे: ज्याचे चित्र, त्याच्या संमतीवाचून ते प्रसिद्ध करायचे नाही. चालू इतिहासातल्या व्यक्ती, सभा-मिरवणुका वगैरेंना अपवाद आहेत. आणि माणूस मेल्यावर दहा वर्षे ही संमती घरच्यांकडून घ्यायची.

नाझी राजवटीने माणसाची जी विटंबना केली, तिच्यानंतर १९४९ च्या जर्मन राज्यघटनेने पहिल्याच कलमात माणसाची प्रतिष्ठा अभंग असल्याचे म्हटले. त्या पायावर १९५४ साली जर्मन न्यायालयाने ‘व्यक्तिमत्त्वाचा हक्क’ उभा केला. गंमत ही की, तो उभा राहिला तो हिटलरचा एकेकाळचा अर्थव्यवहार मंत्री याल्मार शाख्ट याच्या प्रकरणातून. त्याच्या वकिलाने पाठवलेली दुरुस्तीची मागणी एका पत्राने काटछाट करून ‘वाचकांचा पत्रव्यवहार’ या सदरात छापली होती. माणूस नावडता असला तरी त्याचे शब्द त्याचेच, असे कोर्टाने ठरवले. चार वर्षांनी, १९५८ साली, एका हौशी घोडेस्वाराचा फोटो पौरुषवर्धक औषधाच्या जाहिरातीवर छापणाऱ्या कंपनीला दहा हजार मार्क भरावे लागले. आमच्या भाचीचा प्रश्न जर्मन न्यायाधीशाला समजावून सांगावा लागला नसता. तिला विचारले होते का? नाही ना? मग फलक उतरवा.

एवढा प्रवास करून स्वदेशी यावे, तर इथे काय होते? खिडकीचा कायदा होता, आणि १८६० च्या दंडसंहितेत स्त्रीच्या एकांतात घुसण्याबद्दल शिक्षा होती. पण घटनेत या हक्काचा नावाने उल्लेख नाही. १९५४ साली आठ न्यायमूर्तींनी आणि १९६२ साली सहांपैकी बहुसंख्य न्यायमूर्तींनी तो मूलभूत हक्क मानायला नकार दिला. १९६२ चा खटला खडक सिंग याचा. दरोड्याच्या आरोपातून सुटल्यावरही उत्तर प्रदेशचे पोलीस रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावीत. कोर्टाने त्या रात्रीच्या भेटी बंद केल्या, पण खाजगीपणाचा हक्क काही दिला नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी तेव्हा वेगळे मत लिहिले होते. ते मत बहुमत व्हायला पंचावन्न वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आणीबाणीत माणसाच्या स्वातंत्र्यावर पाणी सोडणारा १९७६ चा निकालही या वेळी मोडीत निघाला. त्या जुन्या निकालात यशवंतराव चंद्रचूड एक न्यायमूर्ती होते, आणि तो मोडणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

पण आमच्या भाचीच्या उपयोगी पडणारे वाक्य त्याआधीच, १९९४ साली लिहिले गेले होते, आणि तेही एका खुनी माणसाच्या प्रकरणात. अनेक खुनांबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकर याचे आत्मचरित्र एक तमिळ साप्ताहिक छापणार होते. त्यात बड्या अधिकाऱ्यांची नावे होती. म्हणून अधिकाऱ्यांना ते थांबवायचे होते. सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, कुणाचे नाव वा चेहरा त्याच्या संमतीवाचून जाहिरातीसाठी वापरणे, किंवा त्याचे खाजगी आयुष्य छापणे हा त्याच्या हक्काचा भंग आहे. मग ते खरे असो वा नसो, स्तुतिपर असो वा निंदाव्यंजक. दोन, जे सरकारदप्तरी जाहीर आहे ते छापायला संमती लागत नाही, आणि सरकारी अधिकाऱ्यांना आपल्या कामावरची टीका छापण्याआधीच रोखता येत नाही.

ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. आडोशाची फळी न्हाणीला लावायची, कचेरीला नव्हे. अमेरिकेने १९६४ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खटल्यात हा धोका ओळखला. अलाबामातल्या एका अधिकाऱ्याला जाहिरातीतल्या बारीकसारीक चुकांबद्दल पाच लाख डॉलर देववले गेले होते. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, खोटे आहे हे ठाऊक असून, किंवा खरेखोटे पाहण्याची पर्वा न करता लिहिले, एवढे सिद्ध केल्याशिवाय सरकारी अधिकाऱ्याला भरपाई मिळणार नाही. याउलट आपल्याकडे बदनामी हा अजून तुरुंगात धाडणारा गुन्हा आहे, आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. म्हणजे आपल्याकडे मोठ्यांच्या अब्रूभोवती तटबंदी आणि सामान्याच्या आडोशाला फाटके लुगडे, अशी वाटणी फार काळ चालली. ज्याच्या हाती सत्ता, त्याला टीका सोसता आली पाहिजे. ज्याच्या हाती काही नाही, त्याला न विचारता उघड्यावर आणता कामा नये. मला स्वतःला हीच वाटणी न्याय्य वाटते.

फलकाचे म्हणाल, तर भावोजींनी १९९४ च्या त्या निकालाचा हवाला देऊन चार ओळींचे पत्र धाडले, आणि आठव्या दिवशी फलक उतरला. पुढे २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने क्लासवाल्यांसाठी नियमच काढले: विद्यार्थ्याचे नाव, फोटो जाहिरातीत वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी, आणि ती निकाल लागल्यानंतर घेतलेली हवी. प्रवेशाच्या फॉर्मवर बारीक अक्षरांत घेतलेली सही चालणार नाही. ज्यांच्या घरी दहावी-बारावीची मुले आहेत त्यांनी हा नियम कापून ठेवावा. आणि आता प्रश्न चेहऱ्यापुरताही राहिलेला नाही. २०२४ च्या जुलैत मुंबई हायकोर्टाने गायक अरिजित सिंग याचा आवाज यंत्राकरवी हुबेहूब उठवणाऱ्यांना मनाई केली. आज गायकाचा आवाज उठवतात. उद्या तुमच्या-आमच्या मुलाचा आवाज काढून कुणी फोनवर पैसे मागेल.

कायदा असा हळूहळू का होईना, दाराशी आला आहे. मात्र उंबरठ्याच्या आत तो येत नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा संसदेने २०२३ साली केला, त्यातून घरगुती वापर मुद्दाम वगळला आहे. आणि तसे पाहिले तर हल्ली नव्या खिडक्या घरातूनच पाडल्या जातात. अतिदक्षता विभागात नळ्या लावलेल्या आजोबांचा फोटो ‘प्रार्थना करा’ म्हणून नातेवाइकांच्या गटावर जातो, आणि तिथून सोसायटीच्या गटावर. तिरडीवरच्या आत्याबाईंचा चेहराही जातो. पाठवणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण गॉर्डन केच्या खोलीत शिरलेल्यांनी आणि बिस्मार्कच्या उशाशी मॅग्नेशियम पेटवणाऱ्यांनी टिपले ते हेच.

आपल्या कायद्याने मेलेल्या माणसाच्या अब्रूची काळजी १८६० सालीच घेतली. आप्तांना दुखवण्यासाठी मृताची बदनामी करणे हा तेव्हापासून गुन्हा आहे. आडोशाचे तसे नाही. दिल्ली हायकोर्टाने २०२३ साली एका दिवंगत नटाच्या वडिलांना सांगितले की, खाजगीपणाचा हक्क माणसाबरोबर संपतो. जर्मनीत निदान दहा वर्षे घरच्यांना विचारतात. आपल्याकडे विचारायचे की नाही, ते घरच्यांनीच ठरवायचे आहे. तेव्हा या दिवाळीत पाटावर बसून उटणे लावून घेणाऱ्या नातवाचा फोटो जरूर काढावा. तो गटावर टाकण्यापूर्वी, त्याला बोलता येत असेल तर, एवढेच म्हणावे, “टाकू का रे?” तो ‘नको’ म्हणाला तर फोटो आपल्यापाशी ठेवावा. आजीलाही विचारावे, तिला फलकाखाली उभे राहायचे असेल, तर तोही तिचा हक्क आहे.